शेवटची पाने आधी

सोरॉरिटीचे जुने मासिक हाती आले की मी ते मागून वाचायला घेते. पुढच्या पानांवर अध्यक्षांचा संदेश, अधिवेशनाचा वृत्तान्त, कुणा प्राध्यापकांचा स्त्रीशिक्षणावरचा लेख, सगळे कसे कडक इस्त्रीतले. खरा ऐवज मागे, बारीक टायपात असतो: शाखांची पत्रे, नव्या सभासदांची नावे, लग्ने, बाळंतपणे, मृत्यू आणि अगदी शेवटी जाहिराती.

सोरॉरिटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींचे, ग्रीक अक्षरांचे नाव लावणारे मंडळ. सभासदत्व एकदा घेतले की जन्मभराचे. मला त्याचा गंधही नव्हता. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इलिनॉय राज्यातल्या पिओरियाला आलो, तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायची सोय नव्हती. हातात वेळ भरपूर होता, पैसे बेताचेच. म्हणून शनिवारी एस्टेट सेलना जाऊ लागले. घरातले म्हातारे माणूस गेले की चमच्यापासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावून घर लोकांसाठी उघडतात, तो हा सेल. दागिने आणि चिनी मातीची भांडी सकाळीच उडत. पुस्तकांच्या खोक्याच्या तळाशी ही मासिके उरत, ती डॉलर-दोन डॉलरला मिळत.

पिओरिया यासाठी सोयीचे गाव निघाले. पश्चिमेला तासा-सव्वा तासावर मॉनमथ आहे. तिथल्या कॉलेजातल्या बारा मुलींनी 28 एप्रिल 1867 रोजी होल्ट नावाच्या घरात एक मंडळ काढले. आजची ‘पाय बीटा फाय’ ती हीच. 1870 मध्ये त्याच कॉलेजात ‘कॅपा कॅपा गॅमा’ निघाली, आणि त्याच वर्षी शेजारच्या इंडियाना राज्यात ‘कॅपा अल्फा थीटा’. यादवी युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. मुलगे आणि मुली एकत्र शिकतात अशी कॉलेजे मोजकी, त्यांत मुली मूठभर, आणि त्यांच्याकडे बघणाऱ्यांच्या भुवया सदा वर. आयोवातल्या मुलीला कॅन्ससमधली मैत्रीण कळायची कशी? त्यासाठी मासिके निघाली. ‘कॅपा कॅपा गॅमा’चे 1882 मध्ये, ‘पाय बीटा फाय’ म्हणजेच ‘पाय फाय’चे ‘द ॲरो’ 1885 मध्ये.

ही साले वाचताना मराठी माणसाला दुसरेच काही आठवते. मार्च 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढे 1888 पर्यंत अमेरिकेत हिंडून रमाबाईंनी 1889 मध्ये त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिले. त्यांना जवळच्या वाटलेल्या बायकांत एक होत्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड, आणि या विलर्डबाई ‘अल्फा फाय’ या सोरॉरिटीच्या सभासद. हे कळल्यावर रमाबाईंचे पुस्तक मी पुन्हा काढले. त्यांनी पाहिलेल्या अमेरिकेतल्या मुली माझ्या खोक्यांतही होत्या.

तरी या मासिकांची ओळख पटली ती सांगलीच्या आमच्या घरामुळे. आजोबांकडे ज्ञातीचे मासिक यायचे. अमक्यांचे चिरंजीव बी. ई. झाले, तमक्यांच्या कन्येचा विवाह संपन्न झाला, वसतिगृह निधीला देणगी देणाऱ्यांची यादी, दुःखद निधन. सोरॉरिटीचे मासिक हे तंतोतंत तसेच: आपल्या माणसांची खबरबात, आपल्या माणसांना हात आणि बाकीच्यांविषयी अवाक्षर नाही. हा धागा हाती लागला आणि पाने भराभरा उलगडत गेली.

एक गोष्ट मात्र ज्ञातिमासिकात नव्हती. अमेरिकेत लग्न झालेल्या बाईचे स्वतःचे नावच छापील कागदावरून पुसले जाई. वर्तमानपत्रात ती ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचे अख्खे नाव, बस्स. सोरॉरिटीच्या मासिकात नवऱ्याच्या नावासोबत माहेरचे नाव हमखास असे, कारण मैत्रिणी तिला त्याच नावाने ओळखत. सोबत शाखा आणि पदवीचे वर्षही. घराण्याची वंशावळ शोधणारे लोक म्हणून तर या अंकांवर टपलेले असतात. मीही माझ्याकडच्या एका अंकावर शिसपेन्सिलने खूण केलेले नाव धरून पुढच्या वर्षांच्या अंकांतून चालत गेले. ती आधी माँटानात शिक्षिका होती, मग तिचे लग्न झाले, मग वेगळ्या राज्यातला पत्ता आला, मग पालक-शिक्षक संघाचे अध्यक्षपद. चार ओळींत आयुष्य, पण तिच्या नावावर.

1918 च्या शरद ऋतूतली शाखांची पत्रे सापडली तर मी ती कुणाला देत नाही. इन्फ्लुएन्झाची साथ तेव्हा ऐन भरात होती. कुठे कॉलेज बंद, कुठे मुलींना आवाराबाहेर पाऊल टाकायची बंदी. सैन्यशिक्षणासाठी मुलग्यांच्या फ्रॅटर्निटींची घरे बराकी झालेली. मुली रेड क्रॉससाठी बँडेज गुंडाळताहेत आणि चहापार्ट्या रद्द झाल्याची हळहळही त्याच परिच्छेदात. वीस वर्षांची मुलगी मैत्रिणींना पत्र लिहिते तेव्हा इतिहास लिहायचा तिचा बेत नसतो, म्हणून त्यात शोभेचे काही शिरत नाही.

बायकांच्या संघटनशक्तीची शाळाही इथेच दिसते. मताधिकार चळवळीच्या पुढारी कॅरी चॅपमन कॅट पाय फायच्याच. 1910 मध्ये याच संस्थेने संस्थापिकांच्या स्मरणार्थ टेनेसीच्या डोंगराळ भागात शाळा काढायचे ठरवले आणि 1912 मध्ये गॅटलिनबर्गला ती सुरू केली. पुढे तिच्याभोवती विणकामाचा उद्योग उभा राहिला. आज तिथे ‘ॲरोमाँट’ ही हस्तकलांची नावाजलेली शाळा आहे. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या पत्नी ग्रेस याही पाय फाय. 1924 मध्ये त्यांचे लाल पोशाखातले, पांढऱ्या कुत्र्यासोबतचे तैलचित्र या संस्थेने व्हाइट हाउसला भेट दिले, तेव्हा हजाराहून अधिक सभासद बायका तिथे जमल्या होत्या.

काळ कसा पालटला ते जाहिराती सांगतात. सुरुवातीपासून मान सराफांचा: मोत्यांनी मढवलेल्या बिल्ल्यांचे नमुने, खड्यांप्रमाणे दर. माझ्याकडच्या विसाच्या दशकातल्या एका अंकात कुणीतरी साध्या बिल्ल्याच्या दराखाली रेघ मारली आहे आणि मोत्यांच्या बिल्ल्यापुढे नुसते प्रश्नचिन्ह काढले आहे. दुसऱ्या महायुद्धात कागद खंगतो, फोटोंत नौदलाचे आणि सेनादलाचे गणवेश येतात. पन्नासच्या दशकात पाने पुन्हा गुळगुळीत होतात, साखरपुडे आणि लग्नांचे रकाने फुगतात. पणतीपेक्षा पणजी जास्त धीट होती की काय, असे वाटायला लागते.

गालबोट म्हणता येईल एवढी लहान नसलेली एक गोष्ट आता सांगते. एका सेलमध्ये गठ्ठा बांधून देणाऱ्या आजींनी मला विचारले, “तू आमच्यातली का गं?” नाही म्हटल्यावर त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, “आमच्या वेळी तुला घेतलंच नसतं, बाळा. शिफारसपत्रच कुणी दिलं नसतं.” त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, हवापाणी सांगावे तसे त्या सांगत होत्या. गोऱ्यांच्या अनेक सोरॉरिटींत काळ्या मुलींना लेखी नियमाने नाहीतर रूढीने मज्जाव होता. ज्यू मुलींनी आपल्या वेगळ्या संस्था काढल्या, कॅथलिक मुलींनी आपल्या. 1956 मध्ये ‘सिग्मा कॅपा’च्या कॉर्नेल आणि टफ्ट्स विद्यापीठांतल्या शाखांनी काळ्या मुलींना प्रवेश दिला, तर मध्यवर्ती संस्थेने त्या शाखाच निलंबित केल्या. हे मासिकात शोधायचे कसे? निलंबित शाखेचे पत्र छापले जात नाही, एवढाच पुरावा. नव्या मुलींच्या फोटोंच्या ओळीच्या ओळी बघताना कोण नाही हे मोजायची सवय मला त्या आजींनी लावली. मग सांगलीचे मासिकही डोळ्यांसमोर आले. वसतिगृह निधीच्या यादीचा आम्हाला अभिमान होता. त्या वसतिगृहात कुणाला खोली मिळत नव्हती, हा प्रश्न घरात कुणी काढला नव्हता.

दुसरी बाजू ‘द आयव्ही लीफ’मध्ये मिळाली. ‘अल्फा कॅपा अल्फा’ ही काळ्या विद्यार्थिनींची पहिली सोरॉरिटी 1908 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. तिचे हे मासिक 1921 पासूनचे. मूळ अंक मला परवडत नाहीत, माझ्याकडे झेरॉक्स आहेत. 1935 च्या उन्हाळ्यापासून 1942 पर्यंत या बायकांनी मिसिसिपी राज्यात आरोग्य शिबिरे चालवली, पहिल्या वर्षी होम्स काउंटीत. प्रमुख होत्या डॉ. डोरोथी फेरेबी. रेल्वेची तिकिटे नाकारली गेली म्हणून त्या स्वतःच्या मोटारींनी गेल्या. मळ्यांचे मालक कुळांना शिबिराला सोडेनात, तेव्हा दवाखानाच मोटारींतून मळ्यांवर नेला आणि पोरांना घटसर्पाच्या, देवीच्या लशी टोचल्या. बिल्ले आणि लग्ने त्यांच्याही मासिकात आहेत, पण आपल्या माणसांत कोण कोण येते याची त्यांची व्याख्या पदवीपाशी थांबत नव्हती.

बऱ्याच संस्थांनी जुने अंक आता डिजिटल केले आहेत. मग कागद कशाला साठवतेस, असे नवरा विचारतो. पडद्यावर प्रत्येक संस्थेचे कपाट वेगळे उघडते, हेच माझे उत्तर. माझ्या मांडणीवर आधी संस्थांप्रमाणे गठ्ठे होते. ते मोडून मी सगळे अंक सालाप्रमाणे लावले. आता 1935 पाशी डोंगरातली शाळा आणि मळ्यावरचा दवाखाना शेजारी शेजारी आहेत. ज्यांनी एकमेकींना कधी बोलावले नाही, त्यांना निदान वाचणाऱ्याने तरी वेगवेगळे वाचू नये.