वह्यांमध्ये राहिलेलं वाक्य

एटापल्लीत मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचो, तेव्हा पॉइंटरच्या धड्याला फळ्यावर एक वाक्य हमखास लिहायचो: ‘पॉइंटर पाठवला की कॉल बाय रेफरन्स.’ मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. ते चुकीचं आहे, हे एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे मला कळलं.

तिच्या घरचे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हाच हिशेब तिनं प्रोग्रामसाठी घेतला होता. पहिलं फंक्शन नीट चाललं. एकूण पुड्यांच्या व्हेरिएबलचा पत्ता & लावून पाठवला, फंक्शननं * लावून त्या जागी भर घातली, मेनमधला आकडा वाढला. मग रोजच्या नोंदींसाठी तिनं दुसरं फंक्शन लिहिलं. मेनमधला नल पॉइंटर पाठवला आणि आत मॅलॉकनं जागा घेऊन तिचा पत्ता त्यात ठेवला. परत आल्यावर पहिलीच नोंद लिहिताना ‘सेगमेंटेशन फॉल्ट’.

“सर, पॉइंटर तर पाठवला होता. मग बदलला का नाही?”

मला उत्तर येत नव्हतं, आणि तसं सांगायची हिंमत झाली नाही. “कंपायलर जुना आहे,” म्हणून मी तास संपवला. तिनं मान हलवली. तिचा तो विश्वास मला अजून सलतो.

रात्री तिचंच पहिलं फंक्शन घेतलं, पण मेनमध्ये पत्ता आधी एका पॉइंटरमध्ये ठेवून तो पॉइंटर पाठवला. पॉइंटरमधला पत्ता मेनमध्ये आणि फंक्शनमध्ये छापला: सारखा. पॉइंटरचा स्वतःचा पत्ता छापला: वेगळा. फंक्शनला पॉइंटरचीही प्रतच मिळत होती. सीमध्ये प्रत्येक आर्ग्युमेंटची प्रतच जाते, हे कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. मी ते कधी नीट वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर म्हणालो, “काल मी चुकीचं सांगितलं. दोष कंपायलरचा नव्हता.” मग तेंदूच्या फळीवरचं, म्हणजे पुडे जमा करतात त्या केंद्रावरचं, उदाहरण घेतलं. तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या मुन्शीनं आपल्या चिठ्ठीवरचा वहीचा पान क्रमांक तुम्हाला उतरवून दिला, तर वहीतलं ते पान काढून नोंद बदलता येते. पण तुमच्या चिठ्ठीवरचा क्रमांक तुम्ही खोडलात, तर मुन्शीची चिठ्ठी तशीच राहते. तीच बदलायची तर ती कुठे ठेवली आहे ते कळायला हवं: पाठवताना पॉइंटरलाच &, घेताना दोन स्टार. किंवा नवा पत्ता रिटर्न करायचा.

तिनं दोन स्टार लिहिले आणि नोंदी जागेवर बसल्या. वर्गानं वहीतलं वाक्य खोडलं. आधीच्या तुकड्यांच्या वह्यांत मात्र ते माझ्या भरवशावर अजून तसंच असेल.