नाव मी कधी विचारलंच नाही

परक्या देशात, परक्या भाषेत राहून गोष्ट सांगायला शिकता येतं, यावर माझा विश्वास नव्हता. भाची डेन्मार्कला शिकायला निघाली तेव्हा मी तिला तसं तोंडावर सांगितलं. लिखाण, आवाज, फोटो आणि व्हिडिओ एकत्र गुंफून माणसांच्या हकिकती सांगायच्या, असा तिचा अभ्यासक्रम होता. मी परभणीत जन्मभर मराठी शिकवलं. गोष्ट भाषेत असते आणि भाषा आपल्या माणसांत असते, मग गोदाकाठच्या मुलीनं त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं, असं माझं म्हणणं. भावाला वेगळा फोन करून मी हेही म्हटलं की, पोरीला मोबाईलवर व्हिडिओ काढायला शिकवण्यासाठी एवढे पैसे घालणार असशील तर तुझी मर्जी.

त्या बोलण्याची आज लाज वाटते. पण ते मी मनापासून बोलले होते, आणि त्यामागं काय होतं ते नीट सांगितलं पाहिजे.

एक तर बाहेरून येऊन आमच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला राग होता. मराठवाड्यात दुष्काळ पडला की कॅमेरे येतात. शेतकऱ्यानं जीव दिला की त्याच्या बायकोला फोटोसमोर बसवून तिचा फोटो काढतात आणि निघून जातात. तो फोटो कुठं छापला, त्याखाली काय लिहिलं, हे त्या बाईला कधी कळत नाही. आपली मुलगी हीच विद्या शिकायला चालली आहे, असं मला वाटायचं. दुसरी गोष्ट मी कुणापाशी बोलत नसे. छापील अक्षर म्हणजे विद्या, बाकी सगळी करमणूक, अशी माझी पक्की समजूत होती. जे आवाजात असतं ते कागदावर आल्याशिवाय मोलाचं होत नाही, असं मी धरून चालले होते.

संत जनाबाई गंगाखेडची. परभणी जिल्ह्यात मराठी शिकवणारं कुणीही हे वर्गात अभिमानानं सांगतं, मीही सांगायची. जनाबाई दळायला बसली की विठ्ठल खुंटा धरायला यायचा, ही कथा मी मुलांना रंगवून सांगत असे. माझी आई त्याच तालुक्यातली. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत ती पहाटे जात्यावर बसायची. ती काय गायची ते मला सांगता येत नाही. अर्धवट झोपेत जात्याची घरघर कानावर पडायची आणि तिच्यावर एक सूर चढत जायचा, एवढंच आठवतं. गिरणी आली, जातं परसात भिंतीला टेकलं, मी शिकायला परभणीला आले. पुढं लोकसाहित्य शिकवायची वेळ आली तेव्हा मी पुस्तकं उघडली. साने गुरुजींचं ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले संग्रह. त्यांनी जपलं म्हणून एवढं तरी उरलं, ते उपकार आहेतच. मी मात्र दर वर्षी फळ्यावर एक वाक्य लिहायची: लोकसाहित्याचा कर्ता अज्ञात असतो. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत त्यावर मार्क मिळायचे. आई तेव्हा हयात होती. माझ्याच घरी राहायची. मी वर्गात ओव्या शिकवून घरी यायची, तेव्हा ती आतल्या खोलीत ज्वारी निवडत बसलेली असायची. तुला ओव्या येतात का, असं मी तिला एकदाही विचारलं नाही.

भाचीला डेन्मार्कमध्ये वर्गासाठी आपल्या भागातलं एखादं जुनं ध्वनिमुद्रण शोधायचं होतं. ते सापडल्यावर तिनं रात्री मला पाठवलं. सोबत एवढंच होतं: ‘आत्या, ताडकळसची बाई आहे. ऐक.’

ताडकळस पूर्णा तालुक्यात. लग्नकार्याच्या निमित्तानं मी तिथं गेलेली आहे. ध्वनिमुद्रण १९९०च्या दशकातलं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या होत्या. सीता रानात रडते आणि तिचं ऐकायला, तिला समजावायला कुणी नसतं, तेव्हा बोरी-बाभळी बायका होऊन जवळ येतात. मी कागदावर अशा ओव्या वाचल्या होत्या, शिकवल्या होत्या. त्यात वनस्पतींचं मानुषीकरण कसं आहे, हेही मुलांना सांगितलं होतं. पण कागदावरची ओवी दोन ओळींत संपते. या बाईच्या गळ्यात ती संपत नव्हती. पहिली ओळ पुन्हा यायची, अर्धी ओळ परत उचलली जायची, मध्येच ‘बाई’ म्हणून एक सूर लांबायचा आणि मग पुढचा शब्द यायचा. तो शब्द येईपर्यंत मला थांबावं लागत होतं. संग्रहात छापताना ही सगळी पुनरुक्ती गाळलेली असते. वाचताना मीही ती गाळलीच असती. ऐकताना कळलं की दुःख त्या परत परत येण्यातच आहे. आमच्या बांधावर बोरी-बाभळीशिवाय दुसरं झाड असतं तरी कोणतं? ही बाई वाल्मीकींचं अरण्य सांगत नव्हती, ती परभणीचं माळरान सांगत होती. इतकी वर्षं शिकवून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि सोबत नाव होतं. गंगूबाई अंबोरे, ताडकळस, जिल्हा परभणी.

मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. अज्ञात कर्त्याचं माझं वाक्य तिथंच मोडलं. ओवी परंपरेनं आलेली असते, एकीची दुसरीच्या तोंडी जाते, हे खरं आहे. पण त्या वेळी ती कोणत्या बाईच्या गळ्यातून आली, हे अज्ञात नसतं. ते विचारलेलं नसतं. अज्ञात हा शब्द वापरून मी माझ्या न विचारण्याला शास्त्राचा आधार देत होते.

मग हे ध्वनिमुद्रण कुणी केलं ते मी शोधलं. गी पॉइटवाँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७०च्या दशकात ते पुण्यात आले आणि इथलेच झाले. पुण्याच्याच हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी मुळशीच्या डोंगराळ भागात गरीब कष्टकऱ्यांच्या संघटनेचं काम केलं. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायका स्वतःचं जगणं बोलतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तिथून गावोगावच्या ओव्या जमवायचं काम सुरू झालं. पुढं बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक आले. संगणकाचे जाणकार असल्यानं त्यांनी ध्वनिमुद्रणांचा आणि ओव्यांच्या नोंदींचा संग्रह उभा केला. १ लाखाहून अधिक ओव्या, १ हजाराहून अधिक गावं, ३ हजारांहून अधिक बायका. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’नं २०१७ पासून या ओव्या आवाज, मजकूर, फोटो आणि व्हिडिओसह लोकांपुढं ठेवायला सुरुवात केली. शेजारच्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तिथं आहेत. त्या मी कोणत्याच क्रमिक पुस्तकात पाहिल्या नव्हत्या.

ज्या परक्या माणसांवर माझा राग होता, त्यांच्यातलंच कुणी येऊन माझ्या जिल्ह्यातल्या बाईचं नाव टिपून गेलं. मी इथंच होते.

भाचीला फोन केला तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘अगं आत्या, मी तरी परभणीत कुणाला काय विचारलं होतं? इथं मला कुणी ओळखत नाही, मलाही कुणाचं काही माहीत नाही, म्हणून विचारावं लागतं. समोरचं माणूस गप्प बसलं तर मी घाईनं बोलायची, इथं मला गप्प बसायला शिकवलं.’ रेकॉर्डर सुरू करण्याआधी परवानगी घ्यायची, नाव कसं लिहायचं ते त्याच माणसाला विचारायचं, बोलणं कापायच्या आधी सगळं पुन्हा ऐकायचं, असं ती सांगत होती. या गोष्टी शिकायला डेन्मार्कला जावंच लागतं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसांत आपण सगळं गृहीत धरतो. घरचं आहे म्हणजे ठाऊकच आहे, असं मला जन्मभर वाटत आलं. परकेपणानं तिची ती सोय काढून घेतली, आणि तिथं ती विचारायला शिकली.

कॅमेरा घेऊन येणाऱ्यांबद्दलची माझी शंका गेलेली नाही. ती जाऊही नये. फोटो काढून निघून जाणारे अजून येतात, आणि त्यांत आपले मराठी लोकही असतात. आता मी माणूस कुठून आला ते बघत नाही. तो किती दिवस राहिला, त्यानं इथली भाषा शिकली का, बाईचं नाव लिहिलं का आणि केलेलं काम तिच्या गावात परत आलं का, एवढं बघते. या कसोटीवर मी स्वतः नापास आहे. माझ्या आईची एकही ओवी माझ्याकडं नाही.

ज्या बायका रोज जात्यावर बसल्या, त्या आता बहुतेक सत्तरीच्या पुढं आहेत. परभणी, हिंगोली, बीड, नांदेड, कुठल्याही गावात तुमच्या घरात अशी आई, आजी, मावशी, चुलती असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा. पंखा आणि टीव्ही बंद करा. फोनमध्ये आवाज घेऊ का, असं तिला विचारा. आधी तिला तिचं नाव, माहेर आणि गाव तिच्याच तोंडून सांगू द्या. ती थांबली तर लगेच बोलू नका.