पुढचा कधी येतोय?

बर्‍याच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. कारणं नेहमीचीच, ती सांगून कंटाळा आणत नाही. गेल्या रविवारी डोंबिवलीला आत्याकडे गेले होते, तिथून आल्यापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहून टाकते. (घरच्यांपैकी जे वाचतील त्यांनी लगेच दादाला फोन करू नये. आत्या ठीक आहे. जेवते, फिरते, भांडते.)

चप्पल काढून आत पाऊल टाकलं तर तिचा पहिला प्रश्न, "आलीस? बस. त्या इरफानचा पुढचा कधी येतोय गं?"

आता हे समजायला आत्याची डायरी माहीत पाहिजे.

आत्या पोस्टात होती, मुंबईच्या जीपीओत, काउंटरवर. २००४ साली रिटायर झाली तेव्हा तिला कुणीतरी एक जाडजूड डायरी दिली. हिशेब लिहायला म्हणून. आमच्या आत्याने आयुष्यात हिशेब लिहिला नाही. तिने त्या डायरीत इरफान खानचे सिनेमे लिहायला घेतले. का, तर तो तिला 'चंद्रकांता'पासून आवडायचा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती मालिका लागायची तेव्हा आख्खं घर क्रूरसिंगच्या भुवया बघायचं, आणि आत्या म्हणायची, "तो बद्रीनाथ बघा. तो डोळ्यांनी बोलतोय." आम्हाला तेव्हा काही दिसलं नव्हतं. खोटं कशाला बोलू!

तर डायरी. पहिल्या पानावर 'हासिल', त्याच्याखाली 'मकबूल'. पुढे रकाने आखलेले: नाव, दिग्दर्शक, बरोबर कोण, कधी येणार, बघितला का. पेपरच्या शुक्रवारच्या पुरवणीत, साप्ताहिकात, नंतर नंतर माझ्या फोनवरून, जिथून कुठून "इरफानला अमुक सिनेमात घेतलं" अशी बातमी मिळेल तिथून ती उचलायची आणि टिपून ठेवायची. तिच्या दृष्टीने सिनेमाची मजा तो बघण्यात निम्मी आणि तो येणार आहे हे माहीत असण्यात निम्मी. लोकलला लोंबकळत तीस वर्षं काढलेल्या बाईला वाट बघण्याचं शास्त्र चांगलं कळत असणार.

आणि इरफानने वाट बघायला लावलीही भरपूर. 'पानसिंग तोमर'ची नोंद बघा. कधी येणार: २०१०. खोडलं. २०११. खोडलं. मग जाड अक्षरात, "२ मार्च २०१२, लागला एकदाचा!!" सिनेमा २०१०मध्ये तयार होऊन लंडनच्या महोत्सवात दाखवूनही झाला होता आणि इथे डब्यात पडून होता. पुढे त्याच सिनेमासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आत्याने पेढे आणले होते. दादा म्हणाला, "तुझा कोण लागतो तो?" तर म्हणे, "माझ्या डायरीत आहे."

डायरीच्या मागच्या बाजूने तिने आणखी एक यादी सुरू केली होती. न केलेल्या सिनेमांची. म्हणजे हातातून गेलेले आणि त्याने स्वतः सोडलेले. तिच्या मते माणूस कळायचा तर तीच यादी वाचावी. पहिली नोंद 'सलाम बॉम्बे'ची. मीरा नायरनी त्याला नाट्यविद्यालयातून मोठ्या भूमिकेसाठी निवडलं, तो मुंबईला आला, रस्त्यावरच्या मुलांबरोबर कार्यशाळेत राहिला, आणि शूटिंगच्या तोंडावर ती भूमिका गेली. वाट्याला आला तो पैसे घेऊन पत्र लिहून देणारा माणूस, दोन-चार मिनिटांचा. हे सगळं आत्याला पुढे कधीतरी मुलाखतीत वाचून कळलं, आणि ती हेलावली होती. कारण जीपीओबाहेर तसे पत्रलेखक बसायचे, ती त्यांना रोज बघायची. "तसाच बसलाय गं, खांदे पाडून. दुसर्‍याचं दुःख लिहिणारा माणूस असाच दिसतो." मग अठरा वर्षांनी त्याच मीरा नायरनी 'नेमसेक'मध्ये त्याला अशोक गांगुली केलं. २००७मध्ये आम्ही तो ठाण्याला बघितला. डायरीत 'बरोबर कोण'च्या रकान्यात लिहिलंय, "तब्बू! (आधी राणी म्हणत होते. बरं झालं.)"

ह्याच मागच्या यादीत 'इंटरस्टेलर' आहे. नोलनच्या सिनेमासाठी त्याला विचारणा झाली होती, पण बरेच महिने अमेरिकेत राहावं लागणार होतं आणि इकडे 'लंचबॉक्स' आणि 'डी-डे' कबूल केलेले. त्याने ते सोडलं. माझ्या नवर्‍याने कपाळावर हात मारला होता. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "अवकाशात काय कुणीही जाईल. साजन फर्नांडिस कुणी केला असता?"

'लंचबॉक्स' तिने थिएटरात तीनदा बघितला. २०१३चा सप्टेंबर. क्लेम्स खात्यातला कारकून, रिटायरमेंटला आलेला, चुकून दुसर्‍याचा डबा मिळतो, आणि मग डब्यातून चिठ्ठ्या. तिला कथेपेक्षा तो फायली कशा हाताळतो ह्यात रस. "हा खरा क्लार्क आहे. बघ, डबा उघडायच्या आधी वास घेतो. ऑफिसात एकटा जेवणारा माणूस घेतो तसा." आणि दुसरं प्रेम म्हणजे देशपांडे आंटी, जी पडद्यावर दिसतच नाही, वरच्या मजल्यावरून नुसता भारती आचरेकरांचा आवाज येतो. तिचा नवरा वर्षानुवर्षं अंथरुणावर पडून पंख्याकडे बघत असतो आणि ती त्याचं सगळं करते. तेव्हा आम्ही त्यावर हसलो होतो. आता नाही हसू येत. असो.

निशिकांत कामत हा आत्याचा दुसरा अभिमान, कारण 'डोंबिवली फास्ट'. त्याने 'मुंबई मेरी जान'मध्ये इरफानला कॉफी विकणारा केला आणि नंतर 'मदारी' केला, तर ही जणू घरची सोयरीक असल्यासारखी खूश.

२०१८पासून डायरी बिघडत गेली. फेब्रुवारीत 'सपना दीदी'ची नोंद आहे: विशाल भारद्वाज, दीपिका, आणि कधी येणारच्या रकान्यात, "पुढे ढकलला. तिची पाठ, ह्याची कावीळ." मार्चमध्ये कळलं की कावीळ नव्हे. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हा शब्द आत्याने पेपरमधून जसाच्या तसा उतरवून घेतलाय. पोस्टातली माणसं पत्ता उतरवतात तसा, एक अक्षर न चुकता. त्याखाली 'उधम सिंग', शूजित सरकार. तो खरं म्हणजे इरफान करणार होता. पुढच्या वर्षी नाव बदललं, विकी कौशल आला. आत्याने 'इरफान' खोडून वर 'विकी' लिहिलंय, आणि ते अक्षर बघितलं की मला पोटात कसंतरी होतं. कारण 'विकी' दोनदा लिहिलंय. एकदा लिहिलेलं ती विसरली होती. २०१९ साल ते. आमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आधी डायरीच्या लक्षात आलं होतं म्हणायचं.

'अंग्रेजी मीडियम' १३ मार्च २०२०ला लागला. आमची तिकिटं शनिवारची, १४ची. शुक्रवारी रात्रीपासून मुंबई-ठाण्याची थिएटरं बंद! एप्रिलमध्ये तो हॉटस्टारवर आला तेव्हा दादाने तिला टीव्हीवर लावून दिला. मी पुण्यात अडकलेली, फोनवरून विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "बारीक झालाय फार. पण येईल भरून."

२९ एप्रिलला तो गेला. चारच दिवस आधी जयपूरला त्याची आई गेली होती. मीच फोन केला, म्हटलं टीव्हीवरून कळायला नको. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि ते राहिलेले?" राहिलेले म्हणजे डायरीतले. दुसर्‍या दिवशी ऋषी कपूर, ऑगस्टमध्ये निशिकांत कामत, वय अवघं पन्नास. त्या वर्षाबद्दल काय लिहायचं, तुम्ही सगळ्यांनीच बघितलंय.

इगतपुरीजवळ त्याचं घर होतं. तिथल्या लोकांनी तो गेल्यावर वस्तीला 'हीरोची वाडी' असं नाव दिलं, कारण त्याने अँब्युलन्स दिली होती, शाळेच्या पोरांना वह्या-पुस्तकं दिली होती. ही बातमी मी आत्याला वाचून दाखवली तेव्हा तिने विचारलं, "का? नाव का दिलं? गेला का तो?"

तेव्हा कळलं की हे आता असंच होणार आहे.

पहिल्या तीन-चार वेळा मी खरं सांगितलं. आणि दर वेळी तिला तो नव्याने कळायचा. तोच बराच वेळ गप्प राहणं, तेच डोळे पुसणं, तोच प्रश्न, "आणि ते राहिलेले?" दादा माझ्यावर चिडला. "कशाला सांगतेस? म्हण शूटिंग चालू आहे, विषय संपव." दादाचं चूक होतं असं नाही. रोज तिच्याबरोबर तो राहतो, मी महिन्यातून एकदा मिठाई घेऊन जाणार. पण मला जमेना. ज्या बाईने 'कधी येणार'च्या रकान्यात उगाच कधी तारीख टाकली नाही, खोडून खोडून खरी लिहिली, तिला मी थापा मारू? ह्यावरून आमचं चांगलंच वाजलं, दोन महिने बोलत नव्हतो. (दादा, वाचत असशील तर सॉरी. परत.)

आणि मग इरफाननेच सोडवलं म्हणायचं. २०२१च्या ३१ डिसेंबरला झी५वर 'मर्डर अ‍ॅट तीसरी मंझिल ३०२' आला. कित्येक वर्षांपूर्वी शूट होऊन पडलेला सिनेमा. "पुढचा कधी?" ह्यावर मी पहिल्यांदा छातीठोकपणे सांगितलं, "येतोय की, ३१ला." सिनेमा यथातथाच आहे, तुम्ही नाही बघितलात तरी चालेल. आत्या मात्र खुशीत. "बघ, मी म्हटलं नव्हतं? भरून आला." पंधरा वर्षं जुना इरफान, गाल भरलेले. मी काही बोलले नाही.

मग 'द साँग ऑफ स्कॉर्पियन्स'. अनुप सिंग यांचा, २०१७मध्ये लोकार्नोला दाखवलेला, इथे लागला २८ एप्रिल २०२३ला, म्हणजे त्याच्या तिसर्‍या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. सहा वर्षं वाट बघितल्याची नोंद डायरीत होतीच. मी आणि दादा तिला घेऊन गेलो. (समेट झाला होता.) थिएटरात आम्ही धरून नऊ जण. राजस्थानचं वाळवंट, विंचवाचं विष गाऊन उतरवणारी नूरां, वहिदा रेहमान तिची आजी, आणि इरफान उंटांचा व्यापारी आदम. तो भला माणूस नाहीये ह्या सिनेमात. आत्या अगदी स्थिर बसून बघत होती. मध्येच अंधारात तिने माझा हात धरला आणि हळू आवाजात, पण अगदी स्वच्छ, विचारलं, "हा गेला ना गं?"

मी म्हटलं, "हो आत्या."

"मला वाटलंच. तुम्ही कुणी सांगत नाही." एवढं बोलून परत पडद्याकडे. हात सोडला नाही. दादाने ऐकलं होतं. तो मध्यंतरात पॉपकॉर्न आणायला गेला तो पंधरा मिनिटं आलाच नाही.

घरी येईपर्यंत ती विसरली. डायरीत 'बघितला'च्या रकान्यात माझ्याकडून बरोबरची खूण करून घेतली आणि म्हणाली, "आता पुढचा?"

तर गेल्या रविवारी तोच प्रश्न. आणि ह्या वेळी माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. मुलाच्या, बाबिलच्या बातम्या सांगून बघितल्या होत्या. 'कला'मध्ये तो होता, २०२२ला. ती म्हणे, "चांगला आहे पोरगा. पण मी ह्याचं विचारतेय." चहा गार होत होता. मग मी डायरीच उघडली, म्हटलं बघू काही खूण न केलेलं सापडतंय का. आणि सापडलं. तिसर्‍या पानावर, २००५च्या नोंदींत, 'दुबई रिटर्न', दिग्दर्शक आदित्य भट्टाचार्य. कधी येणारच्या रकान्यात नुसती रेघ. हा सिनेमा तयार होऊन थिएटरात कधी लागलाच नाही. २०२२मध्ये बांद्रा फिल्म फेस्टिव्हलच्या निमित्ताने यूट्यूबवर दाखवला होता, तेव्हा आमचा चुकला.

म्हटलं, "आत्या, 'दुबई रिटर्न' अजून यायचाय."

"तारीख?"

"तारीख नाही ठरलेली."

तिने चष्मा लावला, पेन मागितलं, रकान्यातल्या त्या जुन्या रेघेकडे जरा वेळ बघितलं आणि पेन परत दिलं. "मग आत्ता नको लिहायला. कळली की सांग." आणि चहा गार झाला म्हणून दादाला हाक मारली.