ब्रह्मानंद माहीत आहे का?

"नामदेव महाराजांच्या नरसीत फुटबॉलची पोस्ट कशाला?" असं काही जण म्हणतील. आधी वाचा, मग बोला.

मी चार वर्षं गोव्यात बांधकामावर होतो. मुक्काम ताळगावजवळ. संध्याकाळी काम सुटलं की मैदानाच्या कडेला जाऊन बसायचो. फुटबॉलमधलं काही कळायचं नाही. एक दिवस शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "ब्रह्मानंद माहीत आहे का?" मला वाटलं, कुणी महाराज असतील!

ते निघाले गोलकीपर. ब्रह्मानंद शंखवाळकर, जन्म 1954, याच ताळगावचे. एकट्या साळगावकर क्लबकडून 17 वर्षं खेळले. भारताचे कप्तान झाले. 1983 ला गोवा संतोष ट्रॉफीत बंगालसोबत संयुक्त विजेता ठरला. पुढच्या वर्षी फायनलमध्ये पंजाबला 1-0 हरवून ट्रॉफी एकट्याची केली. तेव्हा गोवा राज्यसुद्धा नव्हतं, साधा केंद्रशासित प्रदेश होता! 1997 ला अर्जुन पुरस्कार, 2022 ला पद्मश्री.

पण काका पुरस्कारांबद्दल फार बोलले नाहीत. गोलसमोर उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला विचार, तो कोण व्हायला बघतो." त्या पोरानं ब्रह्मानंदला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. तरी चिखलात उडी टाकून बॉल अडवला की सगळे त्याच नावानं ओरडायचे.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. मोठ्या खेळाडूचं नाव नुसत्या फोटोला हार घालून जिवंत राहत नाही. त्याच्या गावात मैदान लागतं. मैदान असेल तर पुढचं पोरगं आपोआप उभं राहतं.

आता गावाकडं परत आलोय. आपली लेकरं कयाधूच्या काठानं, नाहीतर कापणी झालेल्या रानात खेळतात. पेरणी झाली की खेळ बंद. मग उरतो मोबाईल. चूक एकट्या कुणाची नाही, आपण कधी मागितलंच नाही. मीसुद्धा नाही.

परतवारीला लाखो लोक येतात, त्यांच्यासाठी आपण जागा करतोच ना? मंडप पडतात, पाण्याची सोय होते, गाड्या लागतात. गावानं मनावर घेतलं की सगळं होतं. मग आपल्याच लेकरांसाठी एक सपाट तुकडा निघणार नाही?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. स्टेडियम नको, गॅलरी नको. सपाट जागा, दोन गोलपोस्ट आणि तिथं नंतर कुणी गाळे बांधणार नाही असा ठराव, एवढंच. कबड्डी खेळा, खो-खो खेळा, क्रिकेट खेळा, जागा सगळ्यांची. पोरींचीसुद्धा.

नुसतं लाईक करून जाऊ नका. सभेला या, हात वर करा.

राम कृष्ण हरी 🙏