‘एकच प्याला’, दुसऱ्यांदा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं ‘आर्य मदिरा मंडळ’. नाव मीच सुचवलं होतं, कारण सहा जणांत ‘एकच प्याला’ वाचलेला मी एकटाच. वाचलेला म्हणजे काय, तर एकांकिकेसाठी काहीतरी जुनं शोधताना तळीरामाचे प्रवेश वाचले आणि बाकीचं चाळलं. सिंधू बोलायला लागली की मी पान उलटायचो. इतकी सोशिक बाई असते का कुठे, असं माझं मत होतं आणि ते मी सगळ्यांना ऐकवायचो.

या जानेवारीत स्वतःलाच एक चॅलेंज दिलं. ज्या पुस्तकांवर धड न वाचता मतं दिली, ती पुन्हा नीट वाचायची. यादीत पाच नावं, पहिलं हेच. नियम तीन: रोज रात्री एक अंक, मोठ्याने वाचायचा, काहीही गाळायचं नाही. नाटक पाच अंकी आहे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार.

पहिलं नाव हेच का, याचं कारण हॉलमधल्या सोफ्यावर झोपलेलं असायचं. माझा रूममेट. त्याच ग्रुपमधला, कॉलेजपासूनचा. सप्टेंबरमध्ये एका शुक्रवारी त्याला पंधरा मिनिटांचा कॉल आला, सोमवारी त्याने लॅपटॉप परत केला. त्यानंतर रोज संध्याकाळी तो म्हणायचा, “एकच.” सुरुवातीला आम्ही दोघंही त्यावर हसायचो.

सोमवारी पहिला अंक. मला आठवत होतं की सुधाकर दारुडा असतो. पण तो तसा सुरुवातीला नसतोच. हुशार वकील, स्वभावाने मानी. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद सहा महिन्यांसाठी जाते. त्या अपमानाची आग विझवायला त्याचा कारकून तळीराम पहिला प्याला पुढे करतो. उपास पडण्याची वेळ आलेली नसते, पण सकाळी उठून जायला जागा नसते. विशीत असताना मी ही सहा महिन्यांची गोष्ट वाचलीही नव्हती बहुतेक. आता तिथेच अडकलो.

मंगळवारी तळीराम. गडकऱ्यांनी नाटकातले सगळ्यात चांगले विनोद त्याच्या मंडळाला दिलेत. मी आवाज बदलून वाचत होतो, तर हॉलमधून मित्र ओरडला, “तळीराम अजून तसाच काढतोस रे!” आम्ही खूप हसलो. मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या हातात ग्लास आहे आणि हसवतोय मी. हे नाटक दारूवरचं प्रवचन आहे असं मी समजत होतो. पण प्रवचनात दारूच्या बाजूने एवढं मजेशीर कोणी बोलत नाही. आधी आपण मंडळात बसून हसतो, आणि मग तेच हसणं महागात पडतं.

गडकऱ्यांची वाक्यं लांबलचक. मोठ्याने वाचताना दम लागतो, मध्ये थांबावं लागतं. थांबलं की आत्ताच काय म्हणालो ते ऐकू येतं. बुधवारी असाच थांबलो. सुधाकर आपल्या मित्राला, रामलालला, व्यसनाच्या अवस्था समजावून सांगतो तिथे. सोडणं शक्य असतं तेव्हा सोडावीशी वाटत नाही, आणि सोडावीशी वाटते तेव्हा ते हातात उरलेलं नसतं, असा त्याचा मथितार्थ. हे सांगणारा माणूस पूर्ण जाणता आहे. रामलालकडे उपदेश आहे, सुधाकरकडे माहिती आहे. चार महिने मी मित्राला लेख आणि पॉडकास्ट पाठवत होतो. त्याला यातलं काही माहीत नाही, असं मी कशावरून ठरवलं होतं?

गुरुवारचा अंक सगळ्यात अवघड गेला. सुधाकर दारू सोडतो. शपथ घेतो आणि पाळायला निघतो. काम मागायला जातो, तिथे त्याचा अपमान होतो आणि तो परत प्याल्याकडे वळतो. कॉलेजमध्ये याला मी ‘कमकुवत माणूस’ म्हणालो होतो. नोव्हेंबरमध्ये माझ्या मित्राने अकरा दिवस एक थेंब घेतला नव्हता. बाराव्या दिवशी इंटरव्ह्यू होता. नोकरी का गेली, हा प्रश्न त्याला तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला. रात्री तो पिऊन आला तेव्हा मी म्हणालो, “अकरा दिवस वाया घालवलेस.” त्याला खायला दे, झोपव, दिवस पुन्हा एकपासून मोजायला लाग, एवढंच करायचं होतं मला.

शुक्रवारी पाचवा अंक. दळणं दळून संसार ओढणारी सिंधू. नशेत सुधाकरच्या हातून मूल जातं, सिंधूवरही घाव बसतो. आणि मरता मरता ती फौजदारासमोर नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं बोलते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यानंतर, त्याच वर्षी. बालगंधर्व सिंधू झाले आणि या खोट्यावर थिएटरच्या थिएटर रडली.

मी रडलो नाही. घाबरलो. कारण ते खोटं माझ्या ओळखीचं होतं.

“काकू, तो मीटिंगमध्ये आहे.” “काकू, रात्री रिलीज होतं ना, आत्ताच झोपलाय.” चार महिने दर शनिवारी सकाळी मी त्याच्या आईला हे सांगत होतो. नोकरी गेल्याचंही घरी माहीत नव्हतं. मी याला मैत्री म्हणत होतो. ‘अशी बाई असते का कुठे’ म्हणणारा मी, मीच ती होतो. फरक इतकाच की तिच्यासारखं काही सोसत नव्हतो, फक्त झाकत होतो. आणि नाटकात ते खोटं कोणालाच वाचवत नाही. सुधाकर शेवटच्या प्याल्यात विष घालून पितो. गडकऱ्यांनी सिंधूला कितीही उंच बसवलं असलं, तरी तिच्या खोट्याचा उपयोग झाला असं त्यांनी कुठेही दाखवलेलं नाही.

शनिवारी सकाळी मी त्याला सांगितलं, “आज काकूंचा फोन आला तर मी खोटं बोलणार नाही.” तो काहीच बोलला नाही. अकराला फोन वाजला. मी तो त्याच्यासमोर टीपॉयवर ठेवला. “तू बोल, नाहीतर मी बोलतो.” सात-आठ वेळा रिंग वाजली. तो खिडकीकडे बघत राहिला. मग मी उचलला.

संध्याकाळी त्याचे आईबाबा सांगलीहून आले. बॅग त्याच्या आईने भरली. जाताना तो माझ्याशी बोलला नाही. रात्री ग्रुपमधून बाहेर पडला. मी ग्रुपचं नाव बदलून नुसता हॉस्टेलच्या ब्लॉकचा नंबर ठेवला. कोणी कारण विचारलं नाही.

आता एप्रिल आहे. त्याने अजून मला फोन केलेला नाही. मी बरोबर केलं की नाही याचा हिशेब मी रोज मांडतो आणि रोज उत्तर वेगळं येतं. यादीतली बाकीची चार पुस्तकं तशीच पडून आहेत.

काकू मात्र अजूनही शनिवारी फोन करतात, आता मला. मागच्या शनिवारी म्हणाल्या, “या आठवड्यात दोनदा घसरला रे. पण त्याने स्वतःहून सांगितलं मला.”

मी विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, जेवून घे आधी.”