नीलवंताच्या मागाने नेसरीस

आंबोलीच्या रानात नीलवंताचे दर्शन दुर्मीळ नाही. परंतु महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ज्यास राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या या सह्याद्रीवासी जीवाची वहिवाट घाटमाथा सोडून पूर्वेच्या उघड्या मुलखात कुठवर पोहोचते, हे पाहावे म्हणून भाद्रपद सरता सरता मी आजऱ्यावरून नेसरीची वाट धरली. हिरण्यकेशी मागे पडली, काजूच्या बागा विरळ झाल्या आणि भाताच्या जोडीला उसाचे फड दिसू लागले.

नेसरीस येणारा प्रवासी बहुधा खिंडीच्या दर्शनास येतो. १६७४ च्या फेब्रुवारीत सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती ही भूमी. तेथे माथा टेकवून मी ओढ्याकाठी उतरलो, आणि ओल्या रेतीवर जे दिसले त्याने पाय जागीच खिळले. अर्ध्या वितीहून अधिक पसरलेले काळेभोर पंख, मागल्या जोडीवर फिकट निळाईचा विस्तीर्ण पट्टा, त्यात काळे टपोरे ठिपके, आणि पंख मिटताच मुळाशी दिसणारे रक्तवर्ण डाग! सोंड रेतीत खुपसून तो क्षार शोषीत होता. ही तृष्णा विशेषतः नरांची.

मादीचे लक्ष मात्र लिंबाच्या कुळावर. रानात ती माकडलिंबावर अंडी घालते, गावात लिंबू-पपनसावर. म्हणूनच नीलवंताचा अधिवास वनखात्याच्या सरहद्दीपाशी संपत नाही, परसदारापर्यंत येतो. गावातल्या एका परसात पपनसाच्या पानावर पाखराची विष्ठा वाटावी अशी बालअळी होती, आणि शेजारीच एक थोराड हिरवी. काडीने स्पर्श करताच तिने डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढले. त्याचा उग्र दर्प हेच तिचे शस्त्र.

घरच्या आजी पदर खोचून हे पाहत होत्या. "ह्येच्यावर औषध मारत न्हाई का?" मी विचारले.

"कशाला? चार पानं खाईल न्हवं, झाड काय मरतंय व्हय?"

हे राज्य फुलपाखरू असल्याचे सांगताच त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "व्हय? हत्तीनं ऊस खाल्ला की पंचनामा हुतोय. मग ह्या पाल्याचा पंचनामा कुणी करायचा, तलाठ्यानं का गार्डानं?"