वळण

आमच्या घराण्यात मुलांना वळण लावण्याची एकच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आधी डोळे वटारायचे, मग आवाज चढवायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पोराची पाठ जवळ होतीच. त्यामुळे समोरच्याला त्रास न देता वळण लावण्याचं एक शास्त्र आहे आणि ते गांजाच्या झाडावर चालतं, हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

ऐकलं ते कॅनडात. चिरंजीव ओंटारिओत इंजिनिअर. अडतिसाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडून बेकरी काढायचा बेत कळवला, तेव्हा आम्ही उभयता सप्टेंबरात तिकडे गेलो. विमानात मी विरोधाचे अकरा मुद्दे कागदावर उतरवून काढले होते.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ. परसात चार कुंड्या, चारही कुंड्यांत गांजा.

"चारच का?" मी विचारलं.

"बाबा, हळू बोला," चिरंजीव म्हणाले.

हळू बोलायचं काही कारण नव्हतं. तिकडे १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदाच तसा आहे, आणि ओंटारिओत घरटी चार झाडं चालतात. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं तेच झाड विनापरवाना लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. गंमत म्हणजे आपल्या कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून होळीची भांग बिचारी राज्याराज्यांच्या नियमांवर गुजराण करते. तरी सवयीनं मी रस्त्यावर पोलीस नाही ना, ते पाहून घेतलंच.

गृहस्थ हौशी. त्यांनी सगळं समजावलं. झाडाचा शेंडा म्हणजे एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ. त्याच्याकडून ऑक्सिन नावाचं द्रव्य खाली उतरतं आणि पेरापेरांतले डोळे दबून राहतात. शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो हे चार्ल्स डार्विननं १८८० साली आपल्या मुलाला, फ्रान्सिसला, हाताशी धरून दाखवलं होतं. (बापलेकांचं एकमत झाल्याचं हे मला ठाऊक असलेलं एकमेव शास्त्रीय उदाहरण.) तर, हा शेंडा कोवळा असतानाच हलकेच आडवा करायचा आणि रबर चढवलेल्या मऊ तारेनं कुंडीच्या काठाशी बांधायचा. एकदम नाही, आज थोडा, दोन दिवसांनी आणखी थोडा. थोरल्याची हुकमत ढिली झाली की धाकट्या फांद्या उजेडाकडे माना वर काढतात, आणि एका मोठ्या तुऱ्याच्या जागी सारख्या उंचीचे पुष्कळ तुरे येतात. छाटणं नाही, तोडणं नाही, आणि डोळे वटारणं तर नाहीच.

एक फांदी मात्र ताठ उभी होती. माझ्यातला बाप जागा झाला. "हिला वाकवायची राहिली की!" म्हणत मी हात पुढे केला. गृहस्थांनी तो वरच्या वर धरला.

"आता नाही," ते म्हणाले. "आता फुलोरा धरलाय."

ऑगस्टात रात्री लांबायला लागल्या की फुलोरा सुरू होतो. पहिले दोन-तीन आठवडे झाड झपाट्यानं उंच होतं. तेवढ्यात काय वळवायचं ते जपून वळवून घ्यायचं. पुढे खोड लाकडासारखं होतं. ते वाकत नाही, मोडतं. शिवाय झाडाची सगळी ताकद तेव्हा फुलात असते; तिला मोडलेली फांदी सांधायला लावणं म्हणजे फुलाच्या तोंडचा घास काढणं.

"मग आता तुम्ही काय करता?"

"टेकू देतो."

खरंच, प्रत्येक तुऱ्याजवळ बांबूची काठी होती. फूल भरलं की जड होतं, त्यात पाऊस पडला की फांदी ओणवते. काठीनं फक्त तिथं उभं राहायचं.

त्या रविवारी चिरंजीवांनी आम्हाला दुकानाची जागा दाखवली. सौ.नं भट्टीची जागाही नक्की करून टाकली. अकरा मुद्द्यांचा कागद माझ्या खिशात होता. सातवा मुद्दा होता, ‘भाडं कुठून आणणार?’

"बाबा, बोला ना काहीतरी," चिरंजीव म्हणाले.

"भाडं किती?" मी विचारलं. आकडा ऐकून घसा कोरडा पडला, तरी म्हटलं, "पहिले तीन महिने माझ्याकडे."